उजव्या हाताचा ब्रेक

मी आसावरीची सायकल. बोलतेय म्हणा किंवा भांडतेय म्हणा, मला हल्ली दोन्हींत फरक वाटेनासा झालाय. इंग्लंडात, ब्रिस्टलमधल्या एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेतल्या एका घराच्या मागच्या शेडमध्ये, गवत कापायचं यंत्र आणि घडी केलेल्या बाबागाडीच्या मधे मी उभी आहे. हँडल जरा वाकडं आहे. सहा आठवडे या घरात माझ्याविषयी आणि तिच्याविषयी जे बोललं गेलं ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे फक्त मला माहीत होतं. तोंड नसलेल्या वस्तूला राग आला तर तिने तो ठेवायचा कुठे?

तशी मी काही फार मोठ्या घराण्यातली नाही. तैवानच्या कारखान्यात जन्मले, साधी अॅल्युमिनियमची. कार्बनच्या हलक्या सायकली शेजारी उभ्या राहिल्या की मला अजून माझं वजन जाणवतं. माझा पहिला मालक कॉलिन, आसावरीच्या ऑफिसातला. दोघं विमानाच्या पंखांची गणितं करायचे. त्याचे गुडघे गेले तेव्हा त्याने मला आसावरीच्या हवाली केलं आणि एकच ताकीद दिली. चाकाच्या मधोमध ही जी चकचकीत डिस्क आहे ना, तिच्यावर ब्रेक चालतो. तिला बोटसुद्धा लावायचं नाही. तेलाचा एक थेंब पडला, तर ब्रेक गेला समज.

आसावरीने हे इतकं मनावर घेतलं की मला धुताना ती आपल्या लेकीच्या, निधीच्या, जन्माआधीच बाळंतिणीसारखी काळजी करायची.

त्या पहिल्या दोन वर्षांत आम्ही खूप हिंडलो. ब्रिस्टलजवळच्या चेडरच्या घळईतला चढ ती दर रविवारी चढायची. पुण्याची असल्यामुळे तिच्या लेखी प्रत्येक चढ म्हणजे घाट. तिच्या नादाने ऑफिसातले गोरेसुद्धा चेडरला 'द घाट' म्हणायला लागले. चढावर ती मला शिव्या द्यायची आणि उतारावर माफी मागायची. उतारावर ती फार चांगली होती. घाबरट माणसं उतारावर चांगलीच असतात. वळण यायच्या आधीच त्यांचा हात ब्रेकवर गेलेला असतो.

मग निधी झाली, आणि मी शेडमध्ये गेले. पहिले काही महिने मी समजून घेतलं. मग माझ्या हँडलवर बाळाचे बनियन वाळायला लागले, आणि माझा समजूतदारपणा संपला. आसावरी आठवड्यातून एकदा यायची, टायरमध्ये हवा भरायची, थोडा वेळ उभी राहायची आणि निघून जायची. हवा भरून ठेवायची आणि न्यायचं कुठेच नाही. मला वाटायचं, माझंच काही चुकलं असेल.

निधी दीड वर्षाची होत आली, तेव्हा आसावरीने नवऱ्याकडे एक दिवस मागितला. सुट्टीला फ्रान्सला जायचं ठरलंच होतं, टार्न नदीच्या घळईकडे. दोन्ही बाजूंना उंच पांढरे कडे आणि त्यांच्यातून फिरणारा सायकलवाल्यांच्या स्वप्नातला रस्ता. त्यातला एक दिवस तिला हवा होता. परीक्षित म्हणाला, "जा ना. मी कुठे नाही म्हणतोय?" हे वाक्य कसं म्हणतात ते तुम्हाला माहीत असेल. त्यात परवानगी असते, पण पुढे ती वापरल्याबद्दल ऐकून घेण्याची सोयसुद्धा असते.

परीक्षितची आई, लीलावतीबाई, निधीसाठी पुण्याहून आलेल्या होत्या. फ्रान्ससाठीच्या त्यांच्या शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट मिळवता मिळवता सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला, पण त्याही बरोबर आल्या. एका गावात दगडी घर भाड्याने घेतलं होतं. मी गाडीच्या मागच्या रॅकवर बसून फेरीतून, पावसातून, अर्धा फ्रान्स पालथा घालून तिथे पोचले.

पावसात भिजलेली डिस्क ओरडते. त्यात काही बिघाड नसतो, दोन-चारदा ब्रेक दाबला की ती गप्प होते. आसावरीने संध्याकाळी मला अंगणात फिरवलं, दोन्ही ब्रेक तपासले, ओरडून घेऊ दिलं आणि आत गेली. पण ते ओरडणं लीलावतीबाईंनी ऐकलं.

लीलावतीबाई वाईट नाहीत, हीच तर माझी पंचाईत आहे. वाईट असत्या तर मला सुखाने चिडता आलं असतं. सकाळी उजाडताच त्या हळदकुंकू घेऊन अंगणात आल्या. सून एकटी डोंगरात जाणार म्हणून त्यांनी माझ्या हँडलला बोटं लावली, एक फूल अडकवलं, हात जोडले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझी पूजा आजवर कोणी केली नव्हती. मग त्यांनी निधीच्या मालिशची खोबरेलची बाटली उघडली. चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशीन चालवलेलं. कुरकुरणाऱ्या चाकाला काय लागतं ते त्यांना कोणी शिकवायला नको होतं. कापडाच्या चिंधीने त्यांनी माझी पुढची डिस्क दोन्ही बाजूंनी निगुतीने तेलवली, हळदीच्या बोटांनीच. त्या मागच्या चाकाकडे वळणार, तेवढ्यात आत निधी रडली. त्या रडण्यामुळे तिची आई वाचली, असं मी मानते.

मी काय करणार होते? घंटीसुद्धा मला दुसऱ्याने वाजवावी लागते.

आसावरी बाहेर आली ती निधीला कडेवरून उतरवत, निधी तिची जर्सी सोडत नव्हती. फ्रिजवर दोन पानी सूचना लावलेल्या होत्या. सुटका होताच ती बसली आणि निघाली, मागे वळून पाहिलं तर परत जावं लागेल म्हणून न पाहता.

रस्ता घरापासूनच वर चढत होता, ब्रेकला हात लावायची वेळ आली नाही. दीड तास नुसता चढ. एका वळणावर बाकावर बसलेला म्हातारा टाळ्या वाजवत "अले, अले" ओरडला. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ चल, चल. आसावरी धापा टाकत मराठीतच म्हणाली, "आले हो, आले." आणि मग एकटीच इतकी हसली की आम्ही रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिलो. त्या हसण्यात दीड वर्षाची शेड होती. वर पठारावर पोचलो, तेव्हा गिधाडं आमच्या खाली उडत होती. तिने केळं खाल्लं, घरी फोन केला, निधी जेवल्याचं कळलं, आणि आम्ही घळईत उतरायला लागलो.

पहिलं वळण सौम्य होतं, मागच्या ब्रेकवर निभावलं. दुसऱ्या वळणाआधी, नेहमीप्रमाणे बरीच आधी, तिने उजव्या हाताचा ब्रेक दाबला. इंग्लंडच्या सायकलीला पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो, आणि थांबवायचं खरं काम तोच करतो. तिने दाबला. मी धरला नाही. माझ्या डिस्कवरून ब्रेकचे पॅड साबणासारखे सरकले. तिने आणखी जोरात दाबला, हँडलला टेकेपर्यंत. मी किंचाळले, पण थांबले नाही. मग तिने डावा दाबला, मागचं चाक अडकलं, घसरलं, आणि आम्ही दोघी दगडी कठड्यावर आडव्या आदळलो. कठडा मांडीएवढा उंच. त्याच्या पलीकडे फक्त हवा होती आणि खूप खाली हिरवी नदी.

आसावरीचं कॉलरबोन मोडलं. मागून येणाऱ्या एका व्हॅनवाल्याने तिला उचललं.

परतीच्या प्रवासात माझी चाकं काढून मला सामानात कोंबलं होतं, तिथून मी सगळं ऐकलं. परीक्षित चिडला नाही. तो म्हणाला की दीड वर्षाने एकदम डोंगर उतरायचा म्हणजे अंदाज चुकणारच. लीलावतीबाई म्हणाल्या, आता घरात लेकरू आहे, देवाने राखलं, पण हे खेळ आता पुरे. आणि आसावरी म्हणाली, "हो. माझे हात आखडले. मी ब्रेक नीट दाबलाच नसेल."

त्या सामानाखाली मला जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. त्यांच्या बोलण्याचा नव्हे, तिच्या 'नसेल'चा. विमानाच्या पंखांची गणितं करणारी बाई. ब्रेक दाबला हे तिच्या बोटांना ठाऊक होतं, तरी तिने स्वतःवरच विश्वास ठेवला नाही. आई झालेल्या बाईला आपलं चुकलं असेल हे पटायला पुरावा लागत नाही. दुसऱ्या कोणाचं चुकलं असेल, ते पटायला मात्र लागतो.

सहा आठवडे तिला निधीला उचलता आलं नाही. निधी हात वर करायची, आणि आसावरी खाली फरशीवर बसून तिला सॉरी म्हणायची. सासूला सॉरी, नवऱ्याला सॉरी. शेडच्या उघड्या दारातून मला ते दिवसातून चार-पाचदा ऐकू यायचं. मग एके दिवशी परीक्षितने माझे फोटो काढले आणि विकायची जाहिरात टाकली. त्यालाही ती हो म्हणाली.

परवा ती मला शेवटचं पुसायला आली. डावा खांदा अजून जड. सप्टेंबर संपत आलाय, शेडमध्ये आता गारठा असतो. तिने पुढचं चाक काढून मांडीवर घेतलं आणि थांबली. डिस्कच्या मधल्या बारीक खाचांमध्ये काहीतरी पांढरं गोठलं होतं, कडेला पिवळसर. फ्रान्सच्या ऑगस्टमध्ये जे पाण्यासारखं पातळ होतं, ते ब्रिस्टलच्या गारठ्यात घट्ट झालं होतं. तिने नखाने खरवडलं, वास घेतला. निधीच्या डोक्याचा वास.

ती चाक घेऊन तडक स्वयंपाकघरात गेली. चाक म्हणजे मीच, तेव्हा पुढचं मी डोळ्यांदेखत पाहिलं.

"आई, ह्याचा वास घ्या."

लीलावतीबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी वाकून वास घेतला. "आपलंच तेल की. चरचरत होतं ना तिकडे, म्हणून मी…" आणि मग सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून त्या मधेच थांबल्या.

आसावरीने डिस्क म्हणजे काय ते चार वाक्यांत सांगितलं. आवाज चढवला नाही. परीक्षित लॅपटॉपवरून उठून आला, त्याने ऐकलं आणि म्हणाला, "जाऊ दे ना आता. आईला काय माहीत."

"आईंना माहीत नव्हतं. ठीक आहे," ती म्हणाली. "पण तुला मी माहीत होते. तू एकदा तरी ब्रेक बघायचा होतास, परीक्षित. तू थेट मलाच बघितलंस."

तव्यावरची पोळी करपली. लीलावतीबाईंनी गॅस बंद केला, पिठाचे हात पदराला पुसले आणि मुलाला म्हणाल्या, "ती जाहिरात काढ आधी." मग सुनेकडे न बघता, हळू आवाजात, "कठडा नसता तर?" आणि त्या खुर्चीवर बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत.

जाहिरात निघाली. नवे ब्रेक पॅड मागवलेत. राग जाईल असं मला वाटलं होतं, गेला नाही. परीक्षित काल शेडमध्ये आला, माझ्या सीटवर हात ठेवून उभा राहिला आणि मलाच सॉरी म्हणून गेला. चुकीच्या बाईला.

आसावरी, तुझा खांदा भरून यायला अजून महिना लागेल. तोवर एवढं ऐक. कोर्टात सायकलीची साक्ष घेत नाहीत, तरी देते. वळण यायच्या खूप आधी, नेहमीसारखा, पूर्ण जोर लावून तू ब्रेक दाबला होतास. तुझे हात आखडले नव्हते. थांबले नाही ती मी.