पिवळ्या जाकिटाच्या मागे

डॉक्टरबाईंचा दवाखाना दातांचा. वर्षानुवर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघता बघता त्यांच्या पाठीने तोच बाक धरला होता. खुर्चीत पेशंट नसला तरी त्या वाकलेल्याच असायच्या. हे त्यांच्या नणंदेने हेरलं. नणंद म्हणजे उत्साहाचा नुसता कारखाना, त्यात गावातल्या सायकल क्लबची सेक्रेटरी.

"वहिनी, वाकतेच आहेस, तर निदान हँडलवर वाक," ती म्हणाली. "फुकट कशाला घालवतेस?"

डॉक्टरबाईंनी आशेने नवऱ्याकडे पाहिलं. तो वर्तमानपत्रात आणखी खोल शिरला. बहिणीच्या तडाख्यातून बायकोला सोडवायचं त्याच्या जिवावर आलं होतं, कारण बायको सुटली असती तर पुढचा नंबर त्याचाच होता.

अशा रीतीने दर रविवारी, गाव साखरझोपेत असताना, डॉक्टरबाई एका तंग काळ्या चड्डीत पुलापाशी उभ्या राहू लागल्या. आपला एकही पेशंट या वेळी या रस्त्याने जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा असायची.

क्लब नऊ जणांचाच, पण नियम एखाद्या लष्कराला पुरतील इतके. ते केले होते कप्तानांनी. कप्तान निवृत्त लिफ्ट तपासनीस. उभी हयात वर-खाली करण्यात गेल्यामुळे म्हातारपणी त्यांना सरळ जायची भयंकर हौस आली होती. त्यांचं पिवळं धमक जाकीट रांगेच्या तोंडाशी असायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून जायचं. पुढे कोणी घुसायचं नाही. प्रश्न विचारायचे नाहीत. नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर. पुढच्याने हात केला की आपणही तसाच करायचा, म्हणजे इशारा शेवटपर्यंत पोचतो.

तोंडी इशाऱ्यांचं मात्र काही खरं नव्हतं. पुढून कोणीतरी "खड्डा!" म्हणून ओरडायचं, आणि शेवटच्या नंबरावर असलेल्या डॉक्टरबाईंपर्यंत ते "अड्डा", "गड्डा" असं काहीबाही होऊन पोचायचं. त्याचा अर्थ लावेपर्यंत त्या खड्ड्यात असायच्या.

शिवाय वकीलसाहेब होते. त्यांचं चाक दर रविवारी न चुकता पंक्चर व्हायचं. मग सगळा क्लब ताटकळत उभा, आणि वकीलसाहेब काच रस्त्यावर आली होती की चाक काचेवर गेलं होतं, यावर दोन्ही बाजूंनी एकटेच वाद घालणार.

दर रविवारी घरी येताना डॉक्टरबाई ठरवायच्या, की बास, आता पुरे. पण तलावाकडचा तो लांबलचक उतार त्यांना सोडवेना. तिथे पायडल मारावं लागायचं नाही. साखळीची बारीक किरकिर, कानात वारा, आणि सगळ्यांची चाकं एका लयीत पळताहेत. तेवढा वेळ त्यांना ना दाढ आठवायची, ना नणंद. मग पुढच्या रविवारी त्या पुन्हा पुलापाशी हजर.

त्या रविवारी दाट धुकं होतं. गाव मागे पडतंय न पडतंय तोच "फुस्स" झालं.

"माझी यात काडीचीही चूक नाही," वकीलसाहेब धुक्यातून म्हणाले.

कप्तान वैतागले. पण पंक्चर झालेल्याला एकटं टाकून जायचं नाही, हाही नियम त्यांचाच. "तुम्ही हळूहळू पुढे व्हा," त्यांनी फर्मावलं. "मी गाठतोच तुम्हाला. डॉक्टर, तुम्ही पुढे राहा. तुम्ही कधी जोरात जात नाही."

डॉक्टरबाई आयुष्यात पहिल्यांदा रांगेच्या तोंडाशी आल्या. समोर काहीच नाही, नुसता कापूस. त्या जेमतेम दहा मिनिटं गेल्या असतील-नसतील, तेवढ्यात बाजूने एक पिवळं जाकीट सूऽऽ करत पुढे आलं.

"आले कप्तान!" नणंद मागून ओरडली. "वहिनी, चाक धर!"

डॉक्टरबाईंनी चाक धरलं. जाकिटाची टोपी डोक्यावर ओढलेली होती, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. पण मागच्या कॅरियरवर दोरीने बांधलेली कुंडी दिसत होती, आणि कुंडीत निवडुंग.

"अगं, कप्तानांच्या सायकलला कॅरियर कधीपासून आलं?" त्यांनी मान वळवून विचारलं.

"प्रश्न विचारायचे नाहीत! चाकावर लक्ष दे!"

पिवळ्या जाकिटाने एकदा चोरून मागे पाहिलं. सात दिवे एका ओळीत आपल्या मागे लागलेले पाहून त्याने वेग वाढवला. क्लबनेही वाढवला. त्याने आणखी वाढवला. क्लबने दात-ओठ खाल्ले. त्याने नाक पुसायला डावा हात वर केला, तर मागे सात हात इमानदारीत वर गेले. पुढचं गाव लागताच तो पेट्रोल पंपामागच्या बोळात घुसला, सगळे घुसले. तिथून बाहेर पडून त्याने एका चौकाला दोन चकरा मारल्या, तर सगळ्यांनी दोन चकरा मारल्या. दुकानाचं शटर उघडणारा एक माणूस कुलूप हातात धरून बघतच राहिला.

डॉक्टरबाईंच्या मांड्या पेटल्या होत्या, घशाला कोरड पडली होती, आणि तरी त्यांना हसू फुटत होतं. चाकात आणि चाकात वीतभर अंतर. पुढचा माणूस वारा कापतोय आणि त्या पोकळीत आपण अलगद ओढले जातोय. क्लब इतका जोरात कधी म्हणजे कधी गेला नव्हता. "कप्तानांना आज झालंय काय?" मागून कोणीतरी धापा टाकत म्हणालं, पण त्या आवाजात कौतुक होतं.

शेवटी पिवळं जाकीट एका छोट्या बंगलीच्या फाटकातून आत घुसलं, सायकल भिंतीवर आदळली आणि माणूस दारातून थेट आत पसार झाला.

क्लब अंगणात थांबला. हँडलवर माना टाकून सगळे श्वास घेत होते. दारात एक उंचनिंच वयस्कर बाई येऊन उभ्या राहिल्या. मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं होतं. घोळका दिसला की त्यांचा आवाज आपोआप चढायचा.

"एवढी माणसं?" त्या म्हणाल्या. "बरं. आलाच आहात तर बूट बाहेर. हात धुवा. आणि रांगेने आत या."

क्लबला हुकूम पाळायची सवयच होती. "कप्तानांनी नाश्त्याची सोय केलेली दिसते," नणंद कुजबुजली. "सांगितलं पण नाही. छुपे रुस्तम!"

बैठकीच्या खोलीत खुर्च्या कमी होत्या. उरलेले ट्रंकेवर टेकले. कप्तान कुठे दिसेनात. बाथरूमचं दार तेवढं आतून बंद होतं आणि नळ सुरू होता. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून एक तरुण बाई उभी होती. हाताची घडी, आणि चेहरा असा की दात काढायला आलेला पेशंटसुद्धा याहून मोकळा दिसतो.

"तर बोला," वसतिगृहवाल्या बाई म्हणाल्या. "त्यांच्या बाजूने कोण बोलणार?"

नणंदेने डॉक्टरबाईंना कोपराने ढोसलं. "वहिनी, तू पुढे होतीस. तूच बोल."

नाश्त्याआधी आभाराचे दोन शब्द बोलायचे असावेत, असं डॉक्टरबाईंना वाटलं. त्यांनी घसा साफ केला. "खरं सांगू का? सुरुवातीला मला त्यांचा फार राग यायचा."

"मलाही यायचा," दारातली तरुण बाई म्हणाली.

"कितीदा वाटलं सोडून द्यावं. पण आज त्यांनी सगळ्यांना गार केलं. काय तो वेग! एकदाही थांबले नाहीत. पिवळ्या सिग्नललाही न थांबता घुसले."

"कोण, ते?" त्या बाईची घडी सुटली. "अहो, ते हिरव्या सिग्नललासुद्धा थांबतात! पुढे काय होईल सांगता येत नाही म्हणतात."

"आज नाही थांबले. मी त्यांच्या चाकाला चिकटून होते ना."

"आई, ऐकलंस?"

"ऐकतेय. पण माझा विश्वास नाही."

तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं आणि पिवळं जाकीट बाहेर आलं. टोपी मागे सरलेली. आत एक तिशी-पस्तिशीचा, भेदरलेला, पार अनोळखी चेहरा.

"अगं बाई! हे कोण?" नणंद किंचाळली.

"कोण म्हणजे? माझे जावई," वसतिगृहवाल्या बाई म्हणाल्या. "तुम्हीच ना त्यांची माणसं?"

"माझी?" जावई म्हणाला. "आई, मला वाटलं तुम्ही पाठवलीत मला धरून आणायला. मी वेडीवाकडी वळणं घेतली, चौकात चकरा मारल्या, तरी पाठ सोडेनात!"

सगळे डॉक्टरबाईंकडे बघू लागले, कारण आतापर्यंतची साक्ष त्यांनी दिली होती. डॉक्टरबाई ट्रंकेच्या कडीकडे बघू लागल्या.

मग हळूहळू उलगडा झाला. हा गृहस्थ वजनकाटे दुरुस्त करणारा. काट्यांच्या संगतीत राहून त्याचं मनही तसंच झालं होतं, एक पारडं खाली गेलं की लगेच दुसरं. एके दिवशी बायकोने कंटाळून विचारलं, "मी या घरात राहावं असं तुम्हाला वाटतं की नाही?" तो म्हणाला, "विचार करून सांगतो." ती बॅगा भरून, आपलं सगळं सामान घेऊन आईकडे आली. त्याला दोन-अडीच महिने झाले. तेव्हापासून हा दर रविवारी उत्तर द्यायला निघायचा आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरायचा. भेट म्हणून निवडुंग घेतला होता, कारण कितीही वेळा परत न्यावा लागला तरी तो मरत नाही.

"म्हणजे आजही परत फिरणार होतात?" बायकोने विचारलं.

"हो," तो म्हणाला. खोटं बोलायला तरी विचार करावा लागतो, तेवढा वेळ त्याला मिळाला नाही. "पण ह्यांनी वळायला जागाच ठेवली नाही."

कोणीतरी खोकलं. बायको त्याच्याकडे बघत होती.

"मग झाला का विचार?"

"नाही झाला," तो म्हणाला. "पण मी हल्ली दुकानात काट्यांशी बोलायला लागलोय. काटा हलतो, पण उत्तर देत नाही. तू चल घरी. विचार आपण नंतर करू."

हे बोलून तो स्वतःच दचकला. बायकोने ओठ घट्ट मिटले, पण हसू कोपऱ्यातून निसटलंच. मग ती आत वळली. "आई, माझ्या बॅगा कुठे आहेत?"

"बॅगा आहेत, शिलाई मशीन आहे आणि तो आरसा पण आहे," आई म्हणाल्या. डोळे पुसून झाल्यावर त्यांचा आवाज पुन्हा चढला. "सगळं घेऊन जा. मला घरात जागा नाही."

याच वेळी खरे कप्तान वकीलसाहेबांसह पोचले. नणंदेने त्यांना फोनवर पत्ता कळवला होता. समोर दुसरं पिवळं जाकीट पाहून कप्तान लालबुंद झाले. "क्लब माझ्या मागे असतो! मी क्लबच्या मागे नसतो!" ते गरजले. "आणि हा वेग कुठेही मोजला जाणार नाही!"

वकीलसाहेबांना नवरा-बायकोचं प्रकरण आहे एवढंच समजलं होतं. "दोन्ही बाजू माझ्याकडेच द्या," ते पुढे सरसावत म्हणाले. "तुमचं भांडण आपसात ठेवायची हमी माझी."

"वकीलसाहेब, आधी हे धरा," बायको म्हणाली आणि तिने त्यांच्या हातात इस्त्रीचं टेबल दिलं.

त्यानंतर त्या गावाच्या रस्त्याने जे चाललं होतं त्याला सायकल क्लब म्हणणं जरा कठीण होतं. सर्वांत पुढे कप्तान, हँडलला दोन्हीकडे बॅगा लटकलेल्या, आणि तोंडाने "वेगाची सरासरी पार बुडाली" असा जप. मागे आईच्या जुन्या सायकलवर बायको, तिच्या शेजारी शिलाई मशीन लादलेला नवरा. नणंदेच्या पाठीवर गादीची वळकटी. डॉक्टरबाईंच्या पाठीला उभा आरसा बांधला होता, आणि त्यांच्या मागे वकीलसाहेब. आरशात इस्त्रीचं टेबल घेतलेला एक माणूस भरधाव आपल्या अंगावर येतोय असं त्यांना दर वळणावर दिसायचं. "अहो, बाजूने! बाजूने चला!" ते ओरडायचे, आणि समोरचा माणूसही त्यांच्यावर तेवढ्याच हिरीरीने ओरडायचा.

मुक्कामी पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. सामान वर चढवून झालं. घामाघूम झालेला क्लब निघायला वळला, तोच नवरा दारात आडवा आला.

"चहा..." तो म्हणाला आणि अडखळला. जिन्यात सगळे श्वास रोखून उभे. "चहा घेऊनच जायचं," त्याने वाक्य पुरं केलं.

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, मग गॅस पेटवला. घरात कप पुरणार नव्हते. कोणाला वाटी मिळाली, कोणाला दूध मोजायचं माप. कप्तानांनी थर्मासच्या झाकणातून दुसऱ्यांदा चहा मागून घेतला आणि मशीन कुठल्या खिडकीपाशी ठेवावं यावर न विचारता मत दिलं.

डॉक्टरबाई उंबऱ्यात बसून फुंकर मारत होत्या, तेव्हा खिशातला फोन वाजला. त्यांचा नवरा होता. रविवार दुपार झाली तरी बायकोचा पत्ता नाही, म्हणून तो वर्तमानपत्रातून बाहेर आला होता.

"अगं, आहेस कुठे तू?"

डॉक्टरबाईंनी वाकून जिन्याखाली पाहिलं. गल्ली ओळखीची नव्हती. आत नणंद आणि वकीलसाहेब आरसा भिंतीला धरून उभे होते, आणि नवरा-बायको एकाच वेळी "जरा वर, जरा खाली" म्हणत होते.

"काय माहीत," त्या म्हणाल्या. "पण तू जेवून घे. आम्हाला अजून आरसा टांगायचाय."