पत्त्याशिवाय पोस्ट राहणार नाही

गुरूच्या गच्चीवर नंदीश पोचला, तेव्हा गुरूची आई सिद्धम्मा मेलेली कबुतरं गोणीत भरत होती. एकतीस कबुतरं, सगळ्यांच्या माना पिरगाळलेल्या. गुरूला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. त्याचे दोन्ही हात कोपरात गजानं मोडले होते. पाण्याच्या टाकीवर रक्त उडालं होतं आणि त्याला पिसं चिकटली होती.

"पत्ता टाक म्हणून कोण सांगितलं त्याला?" सिद्धम्मानं वर न बघता विचारलं.

"मी," नंदीश म्हणाला.

"मग ही गोणी तूच ने."

नंदीशचं नवी पेठेत साड्यांचं दुकान होतं, पण जीव सगळा कबुतरांत. नऊ वर्षांपूर्वी त्यानं जिल्ह्यातल्या कबूतरवाल्यांसाठी नेटवर फोरम काढला. तोवर रीत अशी, की दुसऱ्याचं कबूतर आपल्या गच्चीवर उतरलं की ते आपलं. त्यावरून डोकी फुटायची. नंदीशनं नियम केला : कबूतर पकडलं, की त्याच्या पंखावरचा मालकाचा शिक्का आणि आपल्या गच्चीचा पत्ता त्याच दिवशी फोरमवर टाकायचा, मालक येऊन घेऊन जाईल. पत्ता नसला तर पोस्टही काढणार आणि माणूसही. मारामाऱ्या थांबल्या, तीन हजार माणसं जमली. नियम म्हणजे नियम, हे वाक्य नंदीश रोज कपाळाला भस्म लावावं तसं लावून फिरू लागला.

आज सकाळी गुरूनं मंद्रूपच्या इंद्रजीतची पांढरी मादी पकडली, कात्रीनं तिचे पंख कापले आणि त्याचा व्हिडिओ टाकला. "या की घ्यायला," असं वर डिवचलं, पण पत्ता दिला नाही. इंद्रजीतनं खाली लिहिलं, "पत्ता दे. हात मोडून ठेवतो." कुणाही शहाण्यानं ते सगळं तिथंच बंद केलं असतं. आमच्या मॉडरेटरसाहेबांनी, म्हणजे नंदीशनं, काय केलं? पत्ता नाही म्हणून गुरूला तासाभराची मुदत दिली! गुरूनं निमूट पत्ता टाकला. दोन तासांत इंद्रजीत त्याच्या गच्चीवर होता.

गोणी पुरून नंदीश घरी आला आणि फोरम उघडला. लोक टाळ्या वाजवत होते. "लई भारी, इंद्राभाऊ." "आता चमच्यानं जेव म्हणावं." ही माणसं त्यानंच गोळा केली होती. त्यानं लिहिलं, "फोरम उद्या बंद करतोय. पण एक अक्षर पुसणार नाही. उद्या सगळं पोलिसांत देणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या गच्चीवरच्या ढाबळीत दाणे टाकत होता, तोच मागून इंद्रजीत आला. हातात तोच गज.

"सगळं पुस, अण्णा. आत्ता, माज्यासमोर."

"नाही पुसणार."

इंद्रजीतनं ढाबळीत हात घातला, एक कबूतर काढलं आणि मान पिरगाळून नंदीशच्या पायाशी टाकलं. "तुजंबी नाव हाय की त्यात. पत्ता टाक म्हणून तूच दम दिलास. पुसलंस तर तूबी सुटशील."

खरं होतं ते. म्हणून तर नंदीशला जास्त राग आला. "नाही," तो म्हणाला.

दुसरं कबूतर पडलं. मग इंद्रजीतनं भुरीला धरलं. भुरी नंदीशची अकरा वर्षांची मादी, त्याच्या खांद्यावर बसून दाणे खाणारी. "थांब, पुसतो!" नंदीश ओरडला. तरी भुरीची मान मोडलीच.

नंदीशनं फोन काढला. पण पुसलं काही नाही. पुसतोय असं दाखवत, हातात भुरी धरलेल्या इंद्रजीतचा फोटो काढला आणि फोरमवर टाकला. खाली नाव, गाव आणि आपल्या गच्चीचा पत्ता. अगदी नियमाप्रमाणे.

"नऊ वर्षांचं आहे, पुसायला वेळ लागतो," म्हणत त्यानं इंद्रजीतला थांबवून ठेवलं. दहा मिनिटांत गल्लीत मोटारसायकली शिरल्या. गुरूचा भाऊ महेश्वर आणि चौघं, हातांत गज. इंद्रजीतनं कठड्यावरून वाकून पाहिलं आणि त्याचं तोंड पांढरं पडलं. गज त्याच्या हातून निसटला. "अण्णा, कडी लाव! मारून टाकतील मला!"

नंदीशला गच्चीचं दार उघडं ठेवायचं होतं. अगदी मनापासून. ह्याचे हात मोडताना त्याला डोळ्यांनी बघायचे होते. जिन्यात पावलं वाजली. इंद्रजीत टाकीमागं जाऊन बसला आणि त्यानं दोन्ही कोपर पोटाशी घट्ट दाबून धरले. त्या कोपरांकडे बघून नंदीशला शिसारी आली, ती स्वतःची.

त्यानं कडी लावली आणि पत्र्याच्या दाराला पाठ टेकली. पोलिसांना फोन लावून पत्ता सांगितला.

"अण्णा, दार उघड!" महेश्वर ओरडला. "तूच बोलावलंस की!"

पहिल्या घावानं पत्रा आत आला. दुसऱ्या घावाला गज पत्रा फाडून नंदीशच्या डाव्या खांद्यात घुसला आणि हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. तो हलला नाही. तोंडातून किंकाळी निघत होती आणि उजव्या हाताचा अंगठा फोनवर चालत होता. फोरमवरची शेवटची पोस्ट त्यानं टाकली आणि तिथलं पुढचं लिखाण सगळ्यांसाठी कायमचं बंद केलं.

"दोन्ही वेळा पत्ता माझ्यामुळं पडला. नंदीश."

बाहेर गज पुन्हा उचलला गेला. नंदीशनं पाय रोवले आणि मोडका खांदा दाराला लावला.