ठिणगीचा टेपरेकॉर्डर

मित्रांनो, काचेच्या पेटीत ठेवलेल्या वस्तूजवळ लोक हळू आवाजात बोलतात. अशा पेटीत मी काही आठवडे काढून आलो आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. पेटीतल्या वस्तूवर खुशाल विश्वास ठेवा. तिच्याखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर मात्र ठेवू नका.

मी आहे टेपरेकॉर्डर. रंग काळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, लाल बटणावरचा रंग बोटांनी घासून गेलेला. आता मला जुनाच म्हणायला हवं. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखेच शेकडो भाऊ पट्ट्यावरून माझ्यामागे येत होते. त्यांच्यापैकी कोणाच्या नशिबी काय आलं ते मला ठाऊक नाही. माझ्या नशिबी दोन बहिणी आल्या.

थोरली गुबगुबीत होती, म्हणून धाकटी तिला ढमी म्हणायची. धाकटीला सगळे छोटी म्हणत. छोटीला गाण्याचं वेड, आणि त्या वेडापायीच त्यांच्या आईने मला दुकानातून उचलून आणलं. माझ्याबरोबर एक कोरी कॅसेट आली. छोटीने तिच्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'माझी गाणी. हात लावू नये.' शेजारी एक चांदणी काढली. ती चांदणी लक्षात ठेवा. पुढे तिने मोठा घोळ घातला.

एकदा छोटी नाचता नाचता माझ्या वायरीत अडकली आणि मी स्टुलावरून खाली पडलो. कोपऱ्याचा टवका तेव्हाचा. त्या दिवसापासून माझी मोटर मंद झाली. विकत आणलेली कॅसेट माझ्यात घातली की गाणारी बाई गाणाऱ्या बुवासारखी वाजायची. दोघी पोट धरधरून हसायच्या. पण छोटीचं स्वतःचं गाणं माझ्यात भरलं आणि माझ्यातच वाजवलं, तर ते हुबेहूब तिचंच यायचं. कारण भरताना मी जेवढा हळू, वाजवताना तेवढाच हळू. म्हणून मला दुरुस्तीला कोणी नेलं नाही.

आई गेली आणि ढमीने घर अंगावर घेतलं. शिवणयंत्र घेऊन ती लोकांचे कपडे शिवू लागली. तेव्हापासून छोटीच्या तोंडचं 'ढमे' गेलं आणि तिथे 'ताई' आलं. कोणी शिकवलं नव्हतं, आपोआपच आलं.

पुढे छोटी मोठी गायिका झाली. लोक तिला ठिणगी म्हणू लागले. हजारोंच्या गर्दीसमोर ती नाचत, उड्या मारत गायची आणि तिच्या अंगावरचा प्रत्येक झगमगीत पोशाख ताईच्या हातचा असायचा. तिच्याकडे महागडी यंत्रं आली, तरी नवी चाल सुचली की ती मलाच जवळ ओढायची. चांदणीची ती एकच कॅसेट. गाणं पक्कं झालं की त्याच्यावर नवं भरायचं, ही तिची रीत. ती मला म्हणायची, "डबुल्या, तू कुणाला सांगत नाहीस ना, म्हणून तुझ्यापाशी गाते." मी फुशारून जायचो.

शेवटच्या दौऱ्याच्या आधी तिला खोकला लागला होता. ताई तिच्या जॅकेटला हूक लावत होती. म्हणाली, "छोटे, या वेळी जाऊ नकोस. छाती वाजतेय तुझी."

"तिकिटं विकली गेलीत ताई. लोक वाट बघतायत."

"लोकांचं काय जातंय? आज तू, उद्या दुसरी कुणी. गेलीस ना, तर यापुढे तुझ्या कपड्याला मी एक टाका घालणार नाही. सांगून ठेवते."

छोटीने जॅकेट उचललं, मला बॅगेत कोंबलं आणि ती गेली. दार तिनेच आपटलं. दौऱ्यावरून तिने फोन केले. ताईने उचलले नाहीत. एका दुपारी हॉटेलच्या खोलीत छोटीने मला उशाशी घेतलं आणि टेबलावर बोटांनी ताल धरत हळू आवाजात ती एकामागून एक नवी गाणी गायली. तिचं असं गाणं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. नंतर ती थोडं बोललीही. मग तिला इस्पितळात नेलं आणि तिथेच न्यूमोनियाने ती गेली. ताई पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

सामानाबरोबर मी घरी आलो. ताईने मला कपाटाच्या तळाशी ठेवून दिलं. वाजवून बघायचा तिला धीर झाला नाही. मित्रांनो, माझ्या पोटात तिच्यासाठी ठेवलेला निरोप होता आणि स्वतःचं बटण दाबायला मला हात नव्हते. अंधारात मी तसाच पडून राहिलो.

मग एक दिवस कपाट उघडलं आणि मला पहिल्यांदा गोडबोल्या दिसला. गाण्यांच्या कंपनीचा तो प्रचारप्रमुख. चाहत्यांनीच त्याला हे नाव दिलं होतं, आणि ते अगदी चपखल होतं. "ताई, ठिणगी गेलेली नाही, ती लोकांच्या मनात आहे. आपल्याला फक्त तिला आवाज द्यायचाय," असं तो म्हणाला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. त्याची ती नजर मला मुळीच आवडली नाही. ताई थकलेली होती. बहिणीची आठवण राहील, या एका आशेवर तिने मला कॅसेटसकट त्याच्या हाती दिलं.

कंपनीत माझ्या पोटातली कॅसेट काढून एका चकचकीत, बरोबर वेगाच्या यंत्रात घातली गेली. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मी हळू भरलेलं ते यंत्र भराभर वाजवू लागलं. छोटीचा थकलेला आवाज उंच, कोवळा, चिमुकला होऊन बाहेर आला. कॅसेटवर वाकडंतिकडं अक्षर होतंच, वर चांदणीही होती.

"ही तर लहानपणची गाणी आहेत!" गोडबोल्या ओरडला. "दहा वर्षांची पोर, आणि काय हे शब्द!"

मी शेजारच्या टेबलावर होतो. कोणीतरी कॅसेट एकदा माझ्यातही लावून बघेल, अशी मी वाट पाहिली. कोणी लावली नाही. तंत्रज्ञ एवढंच म्हणाला, "पोरीला खोकला फार दिसतोय." गोडबोल्या म्हणाला, "खोकला काढून टाक." शेवटच्या बोलण्यातलं एक वाक्य त्याने ठेवलं आणि उरलेलं कापलं. लहान मुलीच्या तोंडी ते शोभत नव्हतं. ही चूक होती की सोय होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग प्रचार सुरू झाला. आधी नुसती एक चांदणी झळकली. मग अर्धा चेहरा. मग 'ती परत येतेय' एवढीच अक्षरं. मेलेल्या माणसाला परत यायची तारीख देतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गाणी तीच, पण वेष्टनं पाच रंगांची, आणि खऱ्या चाहत्याने पाचही घ्यावीत अशी गोड सूचना. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. फक्त इथे ते छान खोक्यात घालून विकायला ठेवलं होतं.

आणि ते ठेवलेलं वाक्य! कोवळ्या, लाडिक आवाजात, 'ताई, रागावलीस का गं?' ते जाहिरातीत आलं. कपांवर आलं, पिशव्यांवर आलं. पोरं फोनची घंटी म्हणून वाजवू लागली. कंपनीच्या चहाच्या खोलीत सुद्धा उशिरा येणारा माणूस दारातूनच म्हणायचा, "ताई, रागावलीस का गं?" आणि सगळे हसायचे. मला हसू येत नव्हतं.

गाण्यांच्या दुकानामागच्या दालनात प्रदर्शन मांडलं. ठिणगीचे बूट, केसांची पिन आणि मधोमध काचेच्या पेटीत मी, कॅसेटसह. खाली चिठ्ठी होती, 'या यंत्राने जपलं एका बालप्रतिभेचं गुपित.' मी बिचारा काय जपणार? मला विचारलंय कोणी?

रोज लोक येऊन मला बघून जात. चाहत्यांच्या मंडळाची प्रमुख दातांच्या दवाखान्यात काम करायची, तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिला कंपनीच्या प्रत्येक गोष्टीत पाणी मुरताना दिसायचं, तरी पाचही रंगांची वेष्टनं तिनेच सगळ्यांत आधी घेतली होती. काचेला नाक लावून ती मैत्रिणीला म्हणाली, "दहा वर्षांच्या मुलीला असलं गाणं सुचतं होय? काहीतरी काळंबेरं आहे." मला ती एकदम आवडली.

प्रकाशनाच्या दिवशी पडदा सरकवायला ताईला बोलावलं होतं. शिवणाची पिशवी खांद्याला लावून ती आली. चेहरा कोरडा ठणठणीत. पडद्याची दोरी तिच्या हातात दिली, तर तिने ती सोडून दिली.

"आधी मला एक सांगा," ती म्हणाली. "हा आवाज कुणाचा आहे?"

गोडबोल्या हसला. "ताई, आपल्या ठिणगीचा. दहा वर्षांची असतानाचा."

"दहा वर्षांची असताना ती मला ढमी म्हणायची. ताई म्हणायला लागली ती आई गेल्यावर. आणि गाण्यात 'टाका' हा शब्द कुठून आला? तेव्हा मला सुई धरता येत नव्हती. कुठली पोर आणून गाऊन घेतलंत? की यंत्राकडून करवलंत? बसच्या थांब्यावर, दुकानात, जिथे जावं तिथे कुणीतरी मला विचारतंय, रागावलीस का. माझ्या बहिणीने शेवटी मला काही म्हटलं नाही, हे मी कसंबसं गिळलं होतं. आता ही थट्टा कशाला?"

गोडबोल्याने आवाज आणखी मऊ केला. "ताई, तुम्ही दमलात. पाणी आणा रे."

"पाणी नको. ही कॅसेट तिच्याच डब्यात लावा. त्यात हे नसणारच."

"जुनं यंत्र आहे, कॅसेट खाऊन टाकेल. अमोल ठेवा आहे तो!"

खरं सांगतो, मित्रांनो, त्या वेळी मीही घाबरलो. माझं रबर वाळलं होतं. फीत माझ्या दातांत गुंतली असती तर छोटीचा निरोप माझ्याच हातून गेला असता. पण तेवढ्यात मागून चष्मेवाली ओरडली, "खरं आहे तर भीती कसली? वाजवा की!" आणि सगळे चाहते ओरडू लागले. शेवटी तंत्रज्ञाने पेटी उघडली, कापसाने माझं तोंड पुसलं आणि बटण दाबलं.

मी जीव एकवटून फिरलो. आधी बोटांचा ताल आला. मग आवाज आला, खोल, थोडा बसलेला, दमलेला.

'गर्दीत साऱ्या उसवले मी, टाका तुझा तेवढा टिकला...'

"बघा," गोडबोल्या घाईने म्हणाला, "यंत्र बिघडलंय. आवाज ओढतंय ते."

ताईने त्याच्याकडे न बघता हात वर केला. गाण्यात मध्येच खोकला आला, आणि तिने पिशवी छातीशी घट्ट धरली. "हीच," ती म्हणाली. "हाच खोकला घेऊन गेली ती. हा डबा हळू चालतो हो. स्टुलावरून पडला तेव्हापासून. मीच कशी विसरले?"

गाणी संपली. थोडी खरखर झाली. मग छोटी बोलली, लाडिक नव्हे, दमलेल्या बाईच्या आवाजात.

"ताई, रागावलीस का गं? रागाव, चालेल. पण मी थकले गं आता. घरी आले की दार उघडशील ना?"

आतापर्यंत ज्या वाक्यावर सगळे हसत होते, त्याच्यावर कोणी हसलं नाही. चष्मेवालीने हातातला कप हळूच पिशवीत लपवला. ताई खाली बसली आणि रडली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच रडत होती.

गोडबोल्या तिच्याजवळ वाकला. माझ्या अगदी शेजारी, म्हणून मला ऐकू आलं. "ताई, हे तर त्याहून मोठं आहे. बहिणीला शेवटचा निरोप! लोक ढसाढसा रडतील."

"आधी मला रडू द्या," ताई म्हणाली. मग तिने डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "गाणी द्या लोकांना. लोकांसाठीच जीव टाकला तिने. पण तिच्या खऱ्या आवाजात, खोकल्यासकट. बोलणं मात्र माझं आहे. ते विकायचं नाही."

चाहते उभे होते, म्हणून गोडबोल्याने मान डोलावली. ती मान किती खरी, याची मला आजही शंका आहे. उरलेले कप अर्ध्या किमतीत काढल्याचं नंतर ताईकडे येऊन चष्मेवालीच सांगून गेली. या वेळी तिने घेतला नाही म्हणे.

ताईने मला शिवणाच्या पिशवीत घालून घरी आणलं. आता मी शिवणयंत्राशेजारी असतो. रोज माझी धूळ पुसली जाते, रबरही नवं बसवलं आहे. दुरुस्त करणारा म्हणाला, "मोटर मंद आहे, बदलू का?" ताई जवळजवळ ओरडलीच, "मोटरला हात लावायचा नाही!"

मित्रांनो, जुन्या वस्तूची खोड काढून टाकण्याआधी जरा थांबा. कधी कधी त्या खोडीतच तिचं खरेपण असतं. आणि गेलेल्या माणसाच्या नावावर कोणी काही विकत असेल, तर त्याला एवढं जरूर विचारा, की हे तिच्या माणसांना ऐकवलंत का?

अजून एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी ताईने निरोप पुन्हा एकदा ऐकला. 'दार उघडशील ना?' आलं, आणि पुढे फीत कोरी होती. तिने माझं लाल बटण दाबलं, तोंड जवळ आणलं आणि म्हणाली, "नाही गं रागावले. दार उघडंच आहे." मग बराच वेळ ती बोलत राहिली. काय बोलली ते मी सांगणार नाही. छोटी म्हणायचीच, मी कुणाला सांगत नाही.

उद्या कोणी गोडबोल्या ती कॅसेट पळवून चकचकीत यंत्रात घालेलही. घालू दे. त्याला एवढंच ऐकू येईल, की दोन लहान मुली एकमेकींशी बोलतायत.