मास्तरांच्या रायफलने उट्टं काढलं

मी एक जुनी रायफल आहे आणि राग माझ्या नाकावर असतो. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला लागल्या की हळव्या होतात, डोळे पुसतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. मी कोणालाही क्षमा केलेली नाही.

तशी मी छोट्या जातीची. माझं काडतूस करंगळीच्या पेराएवढं. लढाई मी पाहिली नाही, शिकारही केली नाही. कागदावरचा काळा ठिपका, एवढाच काय तो माझा शत्रू. कारखान्यातल्या कारागिराने माझी नळी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटून आरपार पाहिलं आणि म्हणाला, "सरळ आहे हो पोरगी!" ती माझी पहिली शाबासकी.

पुढे मी मास्तरांकडे आले. शाळेमागच्या लांबट हॉलमध्ये ते मुलांना नेमबाजी शिकवत. शिकवणी संपली की खुर्चीवर बसून ते मला मांडीवर घेत, नळीतून फडकं फिरवत आणि बोल्टला, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याला, तेलाचा एकच थेंब लावत. "दुसरा थेंब म्हणजे लाड. लाडाने पोरं बिघडतात, रायफलसुद्धा," असं म्हणत.

त्यांचा एक नियम फार कडक होता. आत काडतूस नसेल तर माझा चाप ओढायचा नाही. चाप ओढला की माझ्या जातीच्या रायफलची आतली पिन काडतुसाच्या बुडाला मधोमध टोचत नाही, काठावर टोचते. काडतूस नसलं की ती पुढे जाऊन माझ्याच पोलादावर आपटते. रिकाम्या घरात डोकं आपटून घेण्यातला प्रकार! ज्याने नियम मोडला त्याला मास्तर आठवडाभर नुसते ठिपके चिकटवायला बसवत. मुलं माझ्यासाठी रांग लावायची आणि मी कधी कोणाच्या हातात अडले नाही.

मग मास्तर गेले. त्यांचा मुलगा थोरला, म्हणून मी त्याच्याकडे आले. धाकटी बहीण तेव्हा शिकत होती.

मित्रांनो, आता माझे दात-ओठ खाण्याचे दिवस ऐका. थोरल्याला नेमबाजीपेक्षा पाहुण्यांची हौस जास्त. कोणी चहाला आलं की मला कपाटातून काढायचा, भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरायचा आणि खट्! "बाबांची आहे," म्हणायचा. पुन्हा खट्! पाहुणे वा-वा करायचे आणि माझ्या तोंडात मुक्का बसायचा. अशी वर्षं गेली. काडतूस जिथून आत शिरतं त्या माझ्या तोंडाचा काठ, पिन आपटायची तिथे, दबला आणि आतल्या बाजूला बारीकशी गाठ आली.

मग काडतूस आत जाताना अडायला लागलं आणि गोळी सुटल्यावर उरलेली रिकामी पुंगळी बाहेर येताना. थोरल्याने काय करावं? दाराच्या बिजागरीला लावायचं घट्ट ग्रीस आणलं आणि बोटाने माझ्या बोल्टमध्ये थापलं! त्यात दारूची काजळी मिसळली, पुंगळी ओढून काढणारी माझी नखी चिकटून बसली. तरी अडतंच आहे म्हटल्यावर त्याने पक्कड घेतली आणि मॅगझिनचे, म्हणजे काडतुसं भरायच्या डबीचे, ओठ फाकवले. आता काडतुसं तिरपी वर यायची आणि भलतीकडेच नाक खुपसायची.

इथवर मी गिळलं असतं. पण एकदा हॉलमध्ये सगळ्यांसमोर मी अडले, तेव्हा हा शहाणा काय म्हणाला ठाऊक आहे? "बाबांनीच हिची वाट लावली. उठसूट पोरांच्या हातात द्यायचे, निगा राखायचं नाव नाही." ज्या माणसाने मला लेकीसारखं पुसलं, त्याच्यावर हा आळ! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! लोकांनी माना डोलावल्या. थोरल्याने नवी कोरी रायफल घेतली आणि मला कपाटात, जुन्या पडद्यांमागे टाकलं. तिथे अंधारात मी एकच गोष्ट घोटत बसले. या माणसाचं तोंड याच हॉलमध्ये, याच लोकांसमोर बंद करायचं.

संधी चालून आली. मास्तरांच्या जागेवर इतकी वर्षं कोणी टिकलं नव्हतं, शिकवायला पुन्हा माणूस हवा होता. थोरल्याने नाव दिलं आणि धाकटीनेही. हॉलचा कारभार पाहणाऱ्या सेक्रेटरींनी परीक्षा ठेवली. प्रत्येकाने आपापल्या रायफलने चाळीस गोळ्या मारायच्या. दुसऱ्यांदा अडकली की ती रायफल बाद, दुसऱ्या कोणी आपली दिली तरच पुढे.

धाकटीकडे रायफल नव्हती. ती भावाकडे आली.

"दादा, बाबांची दे ना."

"ती? ने की खुशाल! भंगार आहे ते. चार गोळ्याही सलग मारणार नाही."

"बघते मी."

"बघ बघ. आणि अडली की रडत येऊ नकोस."

परवान्याचे सोपस्कार उरकून तिने मला घरी नेलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडलं. आधी तिला वाटलं, खोट मॅगझिनमध्येच आहे. शेजारी हॉलमधून मागून आणलेलं चांगलं मॅगझिन ठेवून, त्याच्याकडे बघत बघत तिने माझ्या मॅगझिनचे ओठ जरा जरा करून जागेवर आणले. काडतुसं सरळ वर यायला लागली, पण तोंडाशी अडतच राहिली. मग तिने नखीखालची काजळी दात कोरायच्या काडीने कोरून काढली. ग्रीसचा तो गोळा बघून तिने नाक मुरडलं. "ई! हे काय थापलंय?" एवढं करूनही हॉलमध्ये पुंगळी चिकटलीच. मी आतल्या आत ओरडत होते, अगं, तोंडात बघ, तोंडात!

शेवटी तिने बॅटरी आणली आणि काठावरचा खड्डा तिला दिसला. मग आईला म्हणाली, "आई, हे बाबांनी केलेलं नाही. त्यांनी असं कधीच केलं नसतं."

आई कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या दादाला पाहुण्यांपुढे खटखट करायची भारी हौस. मी किती वेळा म्हटलं, नको रे बाबा. पण माझं ऐकतो कोण?"

बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांनी त्यांच्या खास हत्याराने तो काठ पुन्हा गोल करून दिला. झोंबलं मला, पण सुखाचं झोंबणं होतं ते. त्यानंतर धाकटीने बोल्ट पुसला आणि तेलाचा एक थेंब लावला. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये माझ्या पुंगळ्या टणाटण उड्या मारत बाहेर पडल्या.

परीक्षेची सकाळ गारठ्याची होती. धाकटी आधी बसली. सुरुवातीला दोन गोळ्या ठिपक्याबाहेर गेल्या, मग मात्र ती शांत झाली. चाळीसच्या चाळीस गोळ्या मी गिळल्या आणि पुंगळ्या बाहेर टाकल्या. कुठे अडले नाही. मागे कोणीतरी म्हणालं, "ही ती मास्तरांचीच का?"

मग थोरला आला, चकचकीत नवी रायफल घेऊन. आदल्या दिवशी तिचेही भरपूर लाड झाले होते, त्याच बिजागरीच्या ग्रीसने! गारठ्यात ते ग्रीस थिजलं. दहा-बारा गोळ्या बऱ्या गेल्या आणि पुंगळी अडकली. थोरल्याने ती उपसून काढली, घाम पुसला. थोड्या वेळाने पुन्हा अडकली. सेक्रेटरी म्हणाले, "ही बाद. दुसरी कोणाची मिळत असेल तर बघा."

थोरल्याने इकडे तिकडे पाहिलं. कोणी पुढे आलं नाही. टेबलावर एकटी मीच होते.

"छोटे," तो हळूच म्हणाला, "तुझी दे ना जरा."

"माझी? भंगार आहे ना ती?"

"आता वेळ कुठली आहे गं ही भांडायची!"

"देते. पण आधी सगळ्यांना सांग, बाबांची रायफल कोणी बिघडवली."

थोरल्याचे कान लाल झाले. त्याने बुटांकडे बघत सांगितलं, "बाबांनी नाही. मी. रिकामा चाप मीच ओढायचो. पक्कडही मीच लावली."

"मोठ्याने," धाकटी म्हणाली.

त्याने मोठ्याने सांगितलं. अहाहा! मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझी नळी गार पडली इतकं बरं वाटलं.

मग मी त्याच्या हातात गेले. तुम्हाला वाटेल, आता हिने मुद्दाम अडून दाखवलं असेल. छे! एवढी मी खुळी नाही. अडले असते तर त्याला बोलायला तोंड मिळालं असतं. सेक्रेटरींनी त्याला सरावाच्या गोळ्याही मारू दिल्या, आणि मी प्रत्येक काडतूस लोण्यासारखं आत घेतलं, प्रत्येक पुंगळी झोकात बाहेर फेकली. एकदाही कुरकुरले नाही. त्याचा मात्र श्वास कुठे, चाप कुठे. जिकडे त्याने मला धरलं तिकडेच मी मारलं. त्याचा कागद आणून टेबलावर ठेवला तेव्हा काळा ठिपका जवळजवळ कोराच होता आणि भोकं होती ती सगळी आजूबाजूला.

शिकवणी धाकटीला मिळाली. थोरला मला परत देताना तोंड उघडून काहीतरी म्हणणार होता, पण म्हणायला काही सापडलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या वस्तूंची निगा राखा. माहीत नसेल तर विचारा, पक्कड घेऊन धावू नका. आणि तुमच्या हातून काही बिघडलंच, तर त्याचं खापर गेलेल्या माणसाच्या डोक्यावर फोडू नका. आम्ही मुक्या असलो तरी सगळं ध्यानात ठेवतो. एखाद्या दिवशी आम्ही अगदी नीट चालू, आणि मग सांगायला तुमच्याजवळ एकही सबब उरणार नाही.