ते काळे घर माझे होते

मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. नाव जड वाटले तर सोडून द्या, मित्रांनो, काम तेवढे ऐका. संगणक आकड्यांत विचार करतो. नुसते आकडे पाहून माणसाला काय कळणार? त्या आकड्यांची रेघ करायची, रंग करायचा, अक्षर करायचे आणि ते पडद्यावर मांडायचे, तेही सेकंदाला साठ वेळा, हे माझे काम. तळहाताएवढी हिरवी पाटी, तिच्यावर एक छोटा पंखा आणि खालच्या काठाला सोनेरी दात, एवढाच माझा ऐवज. आज मी संगणकात नाही. टेबलावर कागदांवर वजन म्हणून बसलो आहे. पण मला भंगार म्हणायचे नाही आणि बिचारा तर मुळीच म्हणायचे नाही. मी रडगाणे गायला आलेलो नाही. मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती मी ताठ मानेने देणार आहे.

मी तयार झालो तेव्हा निळे हातमोजे घातलेल्या एका कामगार बाईने मला भिंगाखाली धरले, उलटेसुलटे केले आणि "हं, जा" म्हणून पुढे सरकवले. ती माझी पहिली शाबासकी. मग या घरी आलो. घरात माणसे दोन, आत्या आणि तिचा भाचा. भाचा तेव्हा कॉलेजात होता. त्याच्यासाठी मी डोंगर रंगवले, धावत्या गाड्या रंगवल्या, जळणारी गावे आणि उगवणारे सूर्य रंगवले. "काय भारी दिसतंय!" तो ओरडायचा, आणि माझा पंखा आनंदाने गरगर फिरायचा. पुढे त्याला नोकरी लागली, पाठीवर मिरवायचा लॅपटॉप आला आणि आमचा संगणक आत्याच्या खोलीत खिडकीखाली गेला.

आत्या एका साप्ताहिकासाठी शब्दकोडे करायची. तेरा आडवी घरे, तेरा उभी. काही पांढरी, काही काळी. ज्याने उगवते सूर्य रंगवले त्याने आता चौकोन आखायचे! मला अपमान वाटला. पण आत्या काम करताना गुणगुणायची, आणि त्या गुणगुणण्याने माझा राग हळूहळू विरघळला.

आडवा गं शब्द, उभ्याला भेटला
एका अक्षरात, संसार थाटला

हे तिने स्वतःच जुळवलेले होते. डोंगर दुरूनही दिसतो, पण अनुस्वाराचा ठिपका नेमका शिरोरेघेवर बसवायचा तर हात स्थिर लागतो, हे मी तिच्याकडून शिकलो. तिने तीस वर्षे एका छापखान्यात मुद्रिते तपासली होती. पानभर मजकुरात वेलांटीची चूक असली तर ती आत्याला खड्यासारखी टोचायची. "दिसलं म्हणजे दिसलं," ती म्हणायची. त्या डोळ्यांसाठी मी अकरा वर्षे राबलो.

आता माझे दुखणे सांगतो. संगणकाच्या पेटीला मागे जाळी असते, श्वास घ्यायला. भाच्याने तिथे रद्दीचा ढीग रचला, "तात्पुरता" म्हणून. तो तात्पुरता ढीग चार वर्षे राहिला. माझ्या पंख्यात धुळीची लोकर झाली. पंखा आधी कुरकुरला, मग लंगडला, मग कधी फिरायचा, कधी नुसता थरथरायचा. अर्ध्या तासात माझे अंग भाजून निघायचे. माझ्या आठवणीचा एक कोपरा त्या तापाने जळाला, आणि एके दिवशी, आत्याने मागितले नसताना, मी पडद्यावर एक काळे घर काढले.

आत्याला वाटले, ते तिनेच काढले आहे. ती शब्दांना वळवणारी बाई! तिने त्या घराला मान दिला, शब्द त्याच्या अलीकडे संपवला, पलीकडून दुसरा सुरू केला. कोडे मेलने गेले. पण ते घर तिच्या कोड्याच्या फाइलीत नव्हतेच, फक्त माझ्या तापात होते. साप्ताहिकात त्या जागी पांढरे घर छापले गेले, ज्यात भरायला अक्षरच नव्हते. वाचकांची पत्रे आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्यात संपादकांचा फोन.

"ताई, इतकी वर्षं केलंत. आता जरा विश्रांती घ्या. गुरुवारचं कोडं शेवटचं समजू या."

आत्याने फोन ठेवला. भाचा तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. परत आल्यावर दारातच वाद सुरू झाला.

"डॉक्टर म्हणाले ना, डोळे ठीक आहेत?" आत्या चपला काढत म्हणाली.

"म्हणाले. म्हणून तर काळजी वाटतेय. डोळे ठीक आहेत म्हणजे लक्ष राहत नसेल. वय झालंय आत्या तुझं."

"आणि तू? काल चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होतास. तुझ्याकडे मागितला का कुणी राजीनामा?"

भाचा आत निघून गेला, पण त्याचा चेहरा सगळे सांगून गेला. त्यावर लिहिले होते की आत्या संपत चालली आहे. आधी तिच्या डोळ्यांवर आळ आला, आता बुद्धीवर. आणि गुन्हेगार कोण? मी! मित्रांनो, मला तोंड असते तर मी पेटी फोडून ओरडलो असतो. पण माझी भाषा एकच, पडदा, आणि तीच बिघडलेली.

गुरुवारला दोन दिवस उरले होते. आत्या सकाळी कोडे घेऊन बसली. अर्ध्या तासाने मी तापलो, आणि काळे घर उमटले. त्याच वेळी तिला मागे उघडी ठेवलेली, फोननंतर संपादकांनी पाठवलेली मेल पुन्हा वाचायची होती. तिने कोड्याची चौकट धरून बाजूला ओढली. एरवी ती चौकट मधोमध असायची, कधी हलायची नाही.

चौकट सरकली. सगळी घरे तिच्याबरोबर गेली. एक काळे घर मात्र जागीच राहिले.

आत्याने चौकट परत आणली, पुन्हा नेली. घर हलेना. ती खुर्चीत मागे टेकली आणि गुणगुणली.

चौकट चालली, सारी घरे सोबती
एक गं काळे, राहिले मागुती

मग तिने अशी हाक मारली की भाचा दाढीचा फेस घेऊनच आला. "बघ! हे डोळ्यातलं असतं तर मी बघीन तिकडे आलं असतं. कोड्यातलं असतं तर कोड्याबरोबर गेलं असतं. हे तिसऱ्याच कुणाचं आहे. हा घुसखोर आहे!"

भाच्याने चौकट स्वतः ओढून पाहिली. दोनदा. मग वाळत आलेला फेस पुसून त्याने संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईला फोन लावला.

दुपारी दुरुस्तीवाली आली. कमरेला पेचकसांची पिशवी, केस पेन्सिलीने वर बांधलेले. भाचा म्हणाला, "स्क्रीन गेला असणार."

"असणारवर मी काही बदलत नाही," ती म्हणाली. तिने पडद्याचेच बटण दाबले. पडद्याची स्वतःची, उजेड-रंग कमीजास्त करायची यादी उमटली, ती बरोबर काळ्या घरावर आली, आणि घर तिच्याखाली झाकले गेले. "ही यादी स्क्रीन स्वतः काढतो. ती स्वच्छ आहे. म्हणजे स्क्रीन निर्दोष." तिने वायर बदलली. घर तसेच. मग तिने वीज बंद केली, रद्दी उचलली, पेटी उघडली आणि एवढी शिंकली की खिडकीतली चिमणी उडाली. "काकू, यात गादी भरायची होती का?"

"भाच्याला विचार. त्याचाच कारखाना," आत्या म्हणाली.

तिने मला अलगद उपसले, ब्रशने झाडले, माझे सोनेरी दात खोडरबराने घासून लखलखीत केले. पंख्याला तेलाचा थेंब दिला. मला परत बसवले. अहाहा! अर्धा तास मी तरुण होतो. मी जिवाच्या आकांताने स्वच्छ चित्र धरून ठेवले. पण जळलेला कोपरा खोडरबराने भरून येत नाही. काळे घर पुन्हा उमटले.

"कार्ड गेलं," दुरुस्तीवाली म्हणाली.

"मग अख्खं मशीनच टाकू ना, आत्या. नवीन आणतो."

"दाढ दुखली म्हणून तू डोकं बदलतोस का? माझे शब्द या मशीनच्या जुन्या फॉन्टात आहेत. तुझ्या लॅपटॉपवर उघडले होते एकदा, 'आकाश'चं उंदराने कुरतडल्यासारखं झालं होतं. जे बिघडलंय तेवढं काढा."

बुधवारी दुरुस्तीवालीने एक दांडगे कार्ड आणले, दोन पंख्यांचे. त्याला विजेची वेगळी वायर लागत होती, ती आमच्या म्हाताऱ्या पेटीत नव्हतीच. ते परत गेले. संध्याकाळी तिने दुसरे आणले, वापरलेले, बिनपंख्याचे, काडेपेटीसारखे किरकोळ. माझ्या जागी ते खट्कन बसले. मला हेवा वाटला का? वाटला. खोटे कशाला बोलू! पण पडदा उजळला, आत्या तासभर टक लावून बसली, आणि एकही घर आगंतुक आले नाही. त्या तासात मला कळले की माझे बाहेर पडणे हीच तिच्या बाजूची साक्ष होती.

गुरुवारी कोडे गेले. तेरा बाय तेरा, एक ठिपका इकडचा तिकडे नाही. सात आडवे: न बोलावता घरात येऊन बसणारा, चार अक्षरी. खाली आत्याने संपादकांना दोनच ओळी लिहिल्या. "माझे डोळे शाबूत आहेत. कार्ड बदलले आहे, कोडेकार बदलण्याची गरज नाही."

दुपारी फोन वाजला. "ताई," संपादक जरा खाकरले, "सात आडवे... घुसखोर?"

"बरोबर. आता पुढच्या गुरुवारचं सांगा, तेरा घरांचं हवं की पंधरा?"

भाचा मला कचऱ्याच्या डब्याकडे नेत होता. "इकडे आण ते," आत्या म्हणाली. "अकरा वर्षं त्याने मला दाखवलं. आता त्याला बघू दे." म्हणून मी इथे आहे, कोऱ्या चौकटींच्या गठ्ठ्यावर, आणि पेटीमागची जाळी मोकळी आहे. दर रविवारी भाचा ती स्वतः पुसतो, न सांगता.

मित्रांनो, मी चुकलो नाही, मी आजारी पडलो. तुमच्या घरातल्या यंत्रांनाही श्वास लागतो, त्यांच्या नाकासमोर रद्दी रचू नका. आणि घरातले एखादे म्हातारे माणूस "मला नीट दिसतंय" म्हणाले तर मान हलवून हसू नका. आधी चौकट ओढून बघा. डाग कुणाचा आहे, ते तिथेच कळेल.