बुधवारची बायको

सत्तावन सालच्या निवडणुकीत मी पहिल्यांदा प्रचाराला निघाले तेव्हा मला एकोणिसावं लागलं होतं. मताला एकवीस लागत. म्हणजे स्वतःला मत नाही आणि वलगावभर दुसऱ्यांना मतं द्या म्हणून सांगत फिरायचं. पायाला नुसती भिंगरी. आमच्या वस्तीत सातवी पास मुलगी मी एकटीच, म्हणून मतदारयादी माझ्या हातात आली, आणि यादी आल्यावर माझ्या डोक्यात वारं शिरलं.

खरी घाई होती ती मायसाठी. बावन्न साली तिला मत मिळालं नव्हतं, कारण यादीत तिचं नावच लिहिलेलं नव्हतं. 'बुधाजीची बायको' एवढंच. गावही तिला तेच म्हणायचं. या खेपेला मात्र 'पंचफुला' असं छापून आलं. ते अक्षर दिसलं आणि मी उडीच मारली. आता तिनं मत दिल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

अडचण एकच होती. मतदानाच्या खोलीत नवऱ्याचं नाव विचारणार, आणि आमच्या बाया ते घेणार नाहीत. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर आम्ही घरातले देव काढले, उपास सोडले, पण नवऱ्याचं नाव न घेण्याचा रिवाज काढायचा तेवढा राहून गेला. मी रोज संध्याकाळी बायांना ओट्यावर बसवून नावं घोकून घ्यायची. इंदूबाई 'न...' म्हणायची आणि पदरात तोंड घालायची. मी चिडायची.

माय तर सरळ उठून जायची. बाप जाऊन चार वर्षं झाली होती.

"गेलेल्या माणसाचं नाव कायले घेऊ?"

"मंग यंदाबी मत नाई भेटणार तुले."

"काहून माह्या मांगं लागून राहिली वं पोरी?"

मतदानाच्या आदल्या दिवशी ती चुलीपुढे बसून स्वतःशीच ओठ हलवत होती. मी दारातूनच पाहिलं.

मतदान शाळेत होतं. आम्हा प्रचारवाल्यांना लांब थांबायचा हुकूम होता, तरी मी मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. आत दोन्ही बाजूंची माणसं बसलेली, आमचा देवमन आणि समोरच्यांचे जानराव पाटील. याच जानरावांच्या वावरात मायनं वीस वर्षं निंदण आणि वेचणी केली होती.

मायनं मी दिलेली नंबराची चिठ्ठी पुढे केली.

"नवऱ्याचं नाव?" कारकुनानं विचारलं.

मायनं डोळे मिटले. "बुधाजी."

माझ्या बापाचं नाव तिच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मला रडूच आलं.

"इथे बुधवार लिहिलंय," कारकून म्हणाला.

मी घाईनं माझी यादी उघडली. पंचफुला, नवरा बुधवार. यादी लिहिणारा घरी आला तेव्हा मायनं नाव न घेता 'मंगळवारच्या पुढचा वार' असं सांगितलं असणार, आणि त्या शहाण्यानं वारच लिहून घेतला. अख्ख्या वस्तीच्या ओळी मी वाचल्या होत्या. घरची ओळ 'पंचफुला'च्या पुढे वाचलीच नव्हती.

"नाव जुळत नाई," जानराव म्हणाले. "आमची हरकत आहे."

"मी वळखतो ना!" देवमन उठला. मतदानावरच्या मोठ्या साहेबांनी त्याला हातानंच बसवलं, "तुमच्या बाजूची साक्ष नको."

कारकून हळूच म्हणाला, "बाई, बुधवार म्हणा आणि मोकळ्या व्हा."

"तीस वर्षांत पयल्यांदा घरच्या माणसाचं नाव घेतलं," माय म्हणाली, "आन् आता दुसऱ्याचं घेऊ का?"

खोली हसली. साहेब हसले नाहीत. ते जानरावांकडे वळले. "हरकत तुमची आहे. हिला ओळखता?"

जानराव नाही म्हणाले असते तर आमचं एक मत गेलं असतं. त्यांनी मान खाली घातली.

"वळखतो. बुधाजीचीच बाई व्हय ते. वीस वर्षं माह्या वावरात येते."

"मग हिचं नाव सांगा."

जानरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. "नाव... ते तं कधी इचारलं नाई."

माय त्यांच्याकडे वळली. "पंचफुला," ती म्हणाली. "पंचफुला नाव हाय माह्यं, पाटील."

"यादीत तेच आहे," साहेब म्हणाले. "बाकी लिहिणाऱ्याची चूक." त्यांनी तिच्या बोटाला शाई लावायला सांगितली आणि मताचा कागद दिला.

मत टाकून ती बाहेर आली तेव्हा मी शाळेच्या फाटकाबाहेर उभी होते. तोंड दाखवायची लाज वाटत होती.

"माय, चूक माही. साऱ्याइच्या ओळी वाचल्या, तुहीच नाई वाचली."

"मंग वाच आता."

मी वाचायला लागले. तिनं मला थांबवलं. "तुह्या बापाचं राहू दे. माह्यं कोणतं, ते दाखव."

मी दाखवलं. तिनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं. शाई अजून ओली होती. तिनं बोट उचललं तर कागदावर डाग पडलेला. तिचा चेहरा एकदम उतरला.

"पुसलं का वं?"

"नाई, माय," मी म्हणाले. "दिसते."

तरी तिनं मला ते पुन्हा वाचायला लावलं.