बँकेची माणसं

घरमालकीण काकूंनी शब्द दिला होता, "विकायचं ठरलंच तर घर तुलाच. परक्याच्या घशात कशाला घालू?" आणि शिवणकाम करणारी ही बाई त्या शब्दावर एवढी विसंबली, की भाडेकरू असूनही तिने स्वयंपाकघराला पदरच्या पैशाने रंग दिला. नवरा म्हणालाही, "काहीतरी लिहून घे." त्यावर ती फणकारली, "काकूंकडून लिहून घेऊ? जीभ झडेल माझी."

मग घरांचे भाव चढायला लागले. एक दिवस काकूंचा फोन आला. "घर विकायचं ठरवलंय. तुझ्या कर्जाचं मी तीन-चार बँकांत बोलून ठेवलंय गं. त्यांची माणसं घर बघायला येतील. घर पसंत पडलं की कर्ज झटकन होतं. जरा नीट दाखव."

बँकेची माणसं जोडीने का येतात, सोबत सासू का आणतात, असले प्रश्न भल्या माणसाला पडत नाहीत. हिलाही पडले नाहीत. शिलाई मशीनवर चादर टाकून, चिंध्या पलंगाखाली ढकलून ती दार उघडायची आणि घराचं गुणगान सुरू करायची. सकाळचं ऊन थेट ओट्यापर्यंत येतं. नळाला दिवसभर पाणी. शेजारी तर देवमाणसं! खरं म्हणजे वरच्या मजल्यावरची देवमाणसं रोज एकमेकांच्या जिवावर उठायची, पण कर्जासाठी एवढं खोटं चालतं. एकाने विचारलं, "घर एवढं आवडतं तर सोडता कशाला?" ती खळखळून हसली. बँकेतही थट्टेखोर माणसं असतात म्हणायची.

मग एक पोटुशी बाई नवऱ्याला घेऊन आली. आतल्या खोलीत खिडकीखाली टेप लावून तिने माप घेतलं आणि म्हणाली, "पाळणा इथे बरोबर बसेल." मग हिच्याकडे वळून तिने विचारलं, "तुम्ही कधीपर्यंत खाली करताय, ताई?"

ती दोघं जिना उतरताच हिने काकूंना फोन लावला.

"अगं, चिडतेस काय अशी?" काकू म्हणाल्या. "तुलाच द्यायचं होतं. पण तू असं काही दाखवलंस, की लोकांत चढाओढच लागली. भाव कुठल्या कुठे गेला. आता एवढा तुला झेपणार आहे का, तूच सांग."

"पण तुम्ही तर म्हणालात, बँकेची..."

"खरं सांगितलं असतं तर तू एवढ्या मनापासून दाखवलं असतंस का?"

जिला इतकी वर्षं आईच्या जागी मानलं, त्या बाईने तिचं घर तिच्याच तोंडून विकून घेतलं होतं. वर ते असं सांगत होती, जणू शाबासकीच देतेय.

"बरं, रविवारी अजून एक कुटुंब येतंय. असशील ना घरी?"

"हो, काकू."

इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं. फोन ठेवल्यावर तिला काकूंचा आला त्याहून जास्त स्वतःचा राग आला. भिंतीला पाठ लावून ती खाली बसली आणि हमसाहमशी रडली. नवरा दारात आला, तेव्हा रडतरडतच तिने त्याला रविवारसकट सगळं सांगितलं. त्याने एका शब्दानेही टोचलं नाही, आणि तेच तिला सोसवेना.

"रविवारी काय सांगणार आहेस त्यांना?" शेवटी त्याने विचारलं.

"काय सांगू?" ती म्हणाली. "चांगलंच आहे रे आपलं घर."